पडद्याची कड

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला नातूने माझ्या आईचा हात भिंतीवर चार फूट उंच करून थांबवला आणि म्हणाला, "आता कुणी बोलू नका. नुसतं बघा." आम्ही बाराजण लांबट टेबलाभोवती बसलो होतो. बिस्किटांचा पुडा फोडत असलेलं कुणीतरी मध्येच थांबलं. प्रोजेक्टरची घरघर तेवढी चालू राहिली. मी बघितलं नाही. मला बघायची गरज नव्हती. जाड मखमली पडद्याच्या आडून आलेलं मनगट, मधल्या बोटावर चकाकणारं काहीतरी, चिमटीत पडद्याची कड. हे सगळं मला डोळे मिटूनही दिसतं. अडीच सेकंदांचा तो हात आहे. एकसष्ट चौकटी. मी मोजल्या आहेत, एकदा नव्हे, तीनदा. सिनेमा बावन्न वर्षांपूर्वीचा, भुताच्या बंगल्याचा, आणि घाबरू शकणाऱ्या प्रत्येक माणसाला तो कधी ना कधी घाबरवून गेलेला. नायिका मेणबत्ती घेऊन जिना उतरते, मागे वळणावरच्या खिडकीचा लांबच लांब पडदा, आणि त्यातून तो हात. भूत आख्ख्या सिनेमात एवढंच दिसतं. ज्या दिग्दर्शकाने हा सिनेमा काढला त्याला सगळे थोरले म्हणायचे. ते गेले. आता त्यांच्या मुलीचा मुलगा तोच सिनेमा नव्याने काढतोय, आणि तोही हसवणारा, म्हणून सगळे त्याला नातू म्हणतात. आजोबांचं नाव मातीत घालणार, असंही म्हणतात, पण ते त्याच्या पाठीमागे. मी वहीत तारीख घातली, तिच्याखाली रेघ ओढली आणि रेघेखाली अजून एक रेघ ओढली. "हे भूत," नातू म्हणाला, "कुणाचा गळा धरायला आलेलं नाही. जरा चिमूट बघा. ते पडदा सरळ करतंय हो! कड उसवलीय, ती त्याला बघवत नाहीये." सगळे खो खो हसले. कॅमेरामन तर टेबलावर थापा मारायला लागला. माझे कान एकदम तापले.

तो पुढे खूप काही बोलत होता. आपलं भूत टापटिपीचं असणार. घरात आलेली माणसं पसारा करतात, ओले टॉवेल पलंगावर टाकतात, आणि त्याचा जीव खालीवर होतो. पाहुणे घाबरतात ते सकाळी उठल्यावर आपले बूट ओळीने लावलेले दिसतात म्हणून. लोक हसत होते आणि मीसुद्धा हसल्यासारखं करत होते, पण मनात एकच गोष्ट घोळत होती, की बावन्न वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शहाण्या माणसांनी त्या हातावर लेख लिहिले. बोटावरची ती चकाकी म्हणजे मृत्यूचं नख, असं एकाने लिहिलं आणि पुढच्या दहाजणांनी ते उचललं. ते अंगुस्तान होतं. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती पत्र्याची टोपी. खुद्द थोरल्यांनी तर मुलाखतीमागून मुलाखतीत सांगितलं, की तो हात त्यांना तापात स्वप्नात दिसला होता. आणि हा पोरगा, तिशी गाठलेला, शर्टावर सॉसचा डाग घेऊन बसलेला, त्याने चिमूट बघितली आणि खरं काय ते ओळखलं. त्याला मिठी मारावी असं मला वाटलं. त्याच्या हातातला रिमोट काढून घ्यावा असंही वाटलं. कारण हा सिनेमा झाला तर थिएटरं भरभरून लोक माझ्या आईला हसणार होते, आणि ती अजून जिवंत होती, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर राहत होती.

मी अकरा वर्षांची असताना बाबांनी मला तो सिनेमा दाखवला. सिनेमा पुन्हा लागला होता, दुपारचा खेळ होता. आईला सांगितलं होतं की बागेत जातोय. थिएटरच्या खुर्च्यांचं रेक्झिन मांड्यांना चिकटत होतं आणि बाबा सारखे माझ्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही. आता कळतं, ते वाट बघत होते. नायिका जिना उतरायला लागली, हात आला, सगळं थिएटर किंचाळलं, आणि मी मोठ्याने ओरडले, "आई!" शेजारच्या बाईंनी मला जवळ ओढलं, घाबरू नको गं, खोटं असतं ते, असं म्हणत माझं डोकं त्यांच्या खांद्यावर दाबून धरलं. मी घाबरले नव्हते. मला फक्त आई दिसली होती. रोज माझ्या फ्रॉकच्या घेराला खाली बसून जी चिमूट कड धरायची, अंगठ्याने दाबायची आणि मग तळव्याने एकदा सपाट करायची, तीच. बाहेर आल्यावर बाबांनी मला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि बजावलं, की हे घरी बोलायचं नाही. आईला अर्थात तासाभरात कळलं. ती दोन दिवस दोघांशीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला स्टुलावर उभं करून ती फ्रॉकची उंची घेत होती, तोंडात चार टाचण्या धरलेल्या, आणि टाचण्या न काढताच म्हणाली, "मी शॉट खराब केला होता. तेव्हापासून त्या लाइनीत नाही." मग मला वळायला सांगितलं. मी वळले. विषय संपला.

बाकीचं बाबांकडून तुकड्यातुकड्याने कळलं; त्यांना तिने एकदाच सगळं सांगितलं होतं. आई तेव्हा चोवीस वर्षांची, कपडेपटात मदतनीस. त्या दिवशी सेटवर पडद्याची कड एका जागी उसवलेली दिसली, आणि खाली बसून शिवायला तिला पाठवलं. तिने पाच मिनिटं मागितली. थोरले म्हणाले, दोन. तिने घाईघाईत कच्चा धावदोरा घातला, आणि ती पडद्याआडून बाहेर निघायच्या आत कॅमेरा सुरू झाला. आता बाहेर आलं तर शॉट जाणार, म्हणून ती तशीच बसून राहिली, श्वास धरून. नायिका उतरायला लागली. आणि धावदोरा सुटला. कड तिच्या डोळ्यांसमोर लोंबायला लागली. दुसऱ्या कुणाचा हात गेला नसता. आईचा गेला. डोकं चालायच्या आत तो गेला, कड धरली, दाबली, सपाट केली आणि परत आला. हात दिसला तो फिल्म धुऊन आल्यावर, आणि तोवर सेट मोडला होता, म्हणून तो तुकडा पुन्हा घेता आला नाही. सिनेमाच्या पडद्यावर तो हात बघून थोरल्यांनी सगळ्या युनिटसमोर आईला सांगितलं, "साधी पडद्याची कड सांभाळता येत नाही तुम्हाला. उद्यापासून येऊ नका." ती गेली नाही परत. पुढे सिनेमा लागला, लोक किंचाळायला लागले आणि थोरल्यांना स्वप्न पडलं.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगते, म्हणजे हसायला अजून एक कारण मिळेल. मी सिनेमात कंटिन्युइटी बघते. आधीच्या शॉटमध्ये नटाच्या शर्टाचं दुसरं बटण उघडं होतं की तिसरं, पेल्यात पाणी कुठवर होतं, केसांची बट कुठल्या कानामागे होती, हे लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या शॉटला ते तसंच आहे ना ते बघायचं. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका पकडून पोट भरते आहे. कुणी विचारलं की या कामाकडे कशा वळलात, तर मी आवड म्हणून सांगते. खोटं आहे ते. एका चुकीपायी माझी आई आयुष्यभर मान खाली घालून शेजाऱ्यांचे परकर-पायजमे शिवत बसली, म्हणून मी चुकांवर पहारा करायला बसले. एवढा साधा हिशेब आहे, आणि तो मला चाळिशी उलटल्यावर कळला. माझ्या नजरेतून काही सुटत नाही आणि त्यामुळे माझ्याबरोबर कुणी फार वेळ बसत नाही. लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या कॉलरचं टोक वर आहे हे मी माझ्याच नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं. तो बिचारा अजून कॉलर चाचपत असतो. आई तर माझ्याही पुढची. बँकेच्या रांगेत पुढच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावरचा दोरा ती उचलते, आणि त्याने वळून बघितलं तर त्याला दोरा दाखवते. नातूचं टापटिपीचं भूत त्याने कागदावर रचलेलं होतं. माझ्या घरी ते रविवारी जेवायला यायचं.

तो आठवडा मी सांगू की नको यातच घालवला. नाही सांगितलं तर उद्या शेजारची कुणीतरी येऊन म्हणणार, अहो तो सिनेमा बघितलात का, काय हसलो. सांगितलं तर मी स्वतः जाऊन तिच्या जुन्या जखमेवर बोट ठेवल्यासारखं. नातूला सांगून तो हातच काढून टाकायला लावावा, असंही एकदा मनात आलं, आणि लगेच लाज वाटली, कारण त्या पोराने प्रेमाने बघितलं होतं आणि बावन्न वर्षांत तेवढं प्रेमाने त्या हाताकडे माझ्याशिवाय कुणी बघितलं नव्हतं. ऑफिसच्या जिन्यावरून उतरताना मी कठडा धरून उभी राहायचे. रस्त्यात दुकानांच्या पडद्यांच्या कडा बघत चालायचे. एका कापडवाल्याच्या दारातला पडदा खालून सुटला होता, तर मला तिथून पुढे जाता येईना. शेवटी रविवारी ती जेवायला यायच्या आधी मीच तिच्याकडे गेले. आई खिडकीत बसून कुणाच्या तरी शर्टाला बटणं लावत होती. दोन चष्मे एकावर एक चढवलेले.

"आई, त्या सिनेमाचा नवा सिनेमा होतोय."

कुठल्या, असं तिने विचारलं नाही. सुई उजेडाकडे धरून तिने दोरा ओवला. "थोरल्यांच्या?"

"हो. त्यांचा नातू करतोय. विनोदी करताहेत."

"विनोदी म्हणजे?"

"म्हणजे भुताचाच, पण लोक हसतील असा."

"हाताला हसतील?"

"हो," मी म्हणाले.

तिने बटणाचे चार टाके घातले. मग म्हणाली, "त्यात नवीन काय केलं त्यांनी? लोक पहिल्यापासून हसतातच आहेत ना?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं आणि मी मटकन तिच्या शेजारी बसले. तिने तो सिनेमा कधी बघितला नव्हता. बाबा विषय काढायचे तर ती उठून जायची. कुणी त्याचं नाव घेतलं तर स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. बावन्न वर्षं या बाईने मनात धरलं होतं, की थिएटरात तो हात आला की लोक फिदीफिदी हसतात, बघा बघा, शिवणारी दिसली. हजारो लोक, रोज तीन खेळ. आणि हे मनात ठेवून तिने माझे डबे भरले, माझी दुखणी काढली, माझ्या लग्नात सगळ्या पाहुण्यांच्या कॉलरी नीट केल्या. मला तिचा राग आला आणि मायाही दाटून आली. "अगं आई, किंचाळतात लोक. घाबरून किंचाळतात. लोकांनी रात्रीचे दिवे लावून झोपायला सुरुवात केली तुझ्या हातामुळे."

"काहीतरीच."

"दाखवते." मी लॅपटॉप उघडून शर्टावर ठेवला, तर तिने आधी शर्ट काढून घडी केला. नायिका जिना उतरायला लागली. आईने दोन्ही चष्मे सारखे केले, अगदी पुढे झुकली. हात आला आणि गेला. ती तशीच वाकून बसली होती. मला वाटलं रडते आहे. "परत लाव," ती म्हणाली. मी परत लावलं. पाच वेळा लावलं. ती हाताकडे बघतच नव्हती, कडेकडे बघत होती. "कच्चा होता," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं पाच मिनिटं द्या. पाच मिनिटांत पक्की घातली असती." मग जरा वेळाने, लॅपटॉप मिटल्यावर, "हात काही वाईट नाही दिसत." आणि मी निघताना दारात, चपलेत पाय घालत असताना, "नवा पडदा कोण शिवतंय?"

दुसऱ्या दिवशी मी नातूला सगळं सांगितलं. आधी मला वाटलं तो चिडेल. आजोबांचं स्वप्न मी खोटं पाडत होते. तो ऐकताना खुर्चीत हळूहळू खाली घसरत गेला आणि शेवटी डोळे पुसत म्हणाला, "ताई, आजोबांनी ते स्वप्न माझ्या शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा सांगितलं होतं हो." हसून झाल्यावर तो खुर्चीत सरळ बसला. मग विचारलं, "त्या येतील? हात करायला?" मी म्हटलं, त्या पडदा शिवायला येतील, हाताचं तुमचं तुम्ही विचारा. त्याने आईच्या घरी जाऊन विचारलं. आईने त्याला आधी शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं, मग हो म्हणाली.

शूटिंगच्या दिवशी ती साडेनऊलाच हजर, स्वतःचा पत्र्याचा डबा घेऊन. जिना प्लायवूडचा, पण रंग इतका हुबेहूब की मी पायऱ्या मोजल्या. एक कमी होती, कला दिग्दर्शकाला सांगितलं, त्याने हात जोडले. पडदा गडद लाल मखमलीचा. त्याची कड एका हातभर लांबीत नुसत्या कच्च्या धावदोऱ्यावर ठेवली होती आणि दोऱ्याचं टोक मागून बाहेर काढलं होतं. कला दिग्दर्शकाने ते ओढायचं, कड सुटायची, हात यायचा, लोक हसायचे. आईला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. मग दिवे लावायला दीड तास गेला. तो सगळा वेळ ती पडद्यामागे स्टुलावर बसून होती. मी दोनदा डोकावले. पहिल्यांदा ती चष्मा पुसत होती. दुसऱ्यांदा खाली वाकून काहीतरी करत होती. मी विचारलं, "ठीक आहेस ना?" तर म्हणाली, "तू तुझं काम कर." मी माझं काम केलं. मेणबत्तीची उंची लिहिली, नायिकेच्या वेणीचे पेड लिहिले. आपण तिला पुन्हा त्याच जागी, त्याच पडद्यामागे नेऊन बसवलंय, आणि आता पन्नास माणसं हसणार आहेत, हे एकदम अंगावर आलं. उठून थांबवावंसं वाटलं. तेवढ्यात नातूने सुरू म्हणून सांगितलं.

नायिका उतरायला लागली. चौथ्या पायरीवर आली. कला दिग्दर्शकाने दोरा ओढला. काही झालं नाही. त्याने अजून जोरात ओढला, तर दोऱ्याचा वीतभर तुकडा त्याच्या हातात आला. पडदा सरळच्या सरळ, सगळ्या कडेने जमिनीला टेकलेला, एक सुरकुती नाही. नायिका बिचारी डोळे मोठे करून अभिनय करत राहिली. हात येईना. सेटवर सगळे श्वास धरून उभे. मग पडद्यामागून आईचा आवाज आला, अगदी घरगुती. "ओढू नका हो. दुहेरी दोऱ्याने पक्की घातलीय मी. आता काही नाही सुटायची."

कॅमेरामन आधी हसला, मग सगळेच हसले. मला हसू आलं नाही. मला रडू फुटलं, वही तोंडावर धरून मी उभी राहिले. नातूने माझ्याकडे बघितलं. शॉटमध्ये काय चुकलं हे मी सांगायचं असतं, सव्वीस वर्षं तेच माझं काम. "काही नाही चुकलं," मी म्हणाले.

आई पडदा बाजूला करून बाहेर आली. दिव्यांच्या उजेडात तिला नीट दिसत नव्हतं. डोळ्यांवर आडवा हात धरून तिने दिग्दर्शकाची खुर्ची कुठे आहे ते शोधलं आणि तिच्याकडे बघून म्हणाली, "पाच मिनिटं मागितली होती मी. जास्त नाही." हसणारे गप्प झाले. निम्म्यांना काहीच माहीत नव्हतं, तरी गप्प झाले. नातू खुर्चीतून उठला. त्याचे आजोबा कधी कुणासाठी उठायचे नाहीत, असं बाबा सांगायचे. तो वायरी ओलांडत जिन्यापाशी आला.

"हो आजी," तो म्हणाला. "द्यायला हवी होती. चूक आमची होती."

आईने खाली वाकून कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला, डबा उघडला आणि छोटी कात्री काढून त्याच्या हातात दिली.

"आता उसवा हवं तर," ती म्हणाली. "पण जपून. कापड नवीन आहे."